मलाक्का, मुलाकात आणि आवळा

प्रश्न असा : 'मलाक्का, मलक्का, मल्लाका, यातलं बरोबर कोणतं? आणि तिथे जगभरचे व्यापारी भेटत म्हणून अरबी मुलाकातीवरून हे नाव पडलं, असं वाचलं. खरं का?'

पहिल्याचा निकाल लगेच लावतो. मलेशियातलं हे जुनं बंदर; तिथले लोक म्हणतात मलाका. क एकच. मलय लोक रोमन लिपीत पहिल्या अक्षराला 'ई' लावतात, पण उच्चार आपल्या साध्या 'म'चाच. म्हणजे हा शब्द देवनागरीत जितका चोख उतरतो तितका रोमनमध्येही उतरत नाही. तरी सामुद्रधुनीतल्या तेलवाहू जहाजांची बातमी आली की आपले बातमीदार इंग्रजी स्पेलिंगमधले दोन 'सी' मोजून क ला क जोडणार. मल्लाकातला 'ल' कशाने दुणावला, ते लिहिणाऱ्यालाच ठाऊक.

आता मुलाकात. ही व्युत्पत्ती चांगले जाणकारही सांगतात, म्हणून जरा तिखट लिहितो. सुमात्रातल्या पालेंबांगहून परागंदा झालेल्या परमेश्वर नावाच्या राजपुत्राने १४०० च्या सुमारास हे गाव वसवलं. मिंग दरबाराने १४०३ साली तिकडे वकील धाडला, तेव्हापासून चिनी दप्तरात 'मानलाज्या' दिसतं, म्हणजे हेच नाव. व्यापाऱ्यांची झुंबड उडाली ती त्यानंतर. मग गर्दीवरून नाव पडेल कसं? बाजारात तुरी, भट भटणीला मारी, यातलाच प्रकार. तोमे पिरेश हा पोर्तुगीज १५१२ ते १५१५ मलाकात राहिला. तो सांगतो, मलाका म्हणजे लपलेला पळपुटा. राजाच्या वैऱ्यांनी त्याला हे ऐकवलं असावं, असा माझा संशय.

तर मलाका म्हणजे आवळा! मलय भाषेत 'पोकोक मलाका' म्हणजे आवळ्याचं झाड. तीच चिंचेसारखी बारीक पानं, तेच पोपटी फळ, अंगावर सहा उभ्या पुसट रेघा. मूळ संस्कृत आमलक. आपण म चा व केला (ग्रामचं गाव, नामाचं नाव, तसा आमलकाचा आवळा), मलय लोकांनी पुढचा 'आ' गिळला आणि शेवटचा क जपला. फारसीत तो आमला झाला, अरबीत अमलज, तिथून वनस्पतिशास्त्रज्ञांच्या लॅटिनमध्ये एम्ब्लिका. मलय बखरीतली गोष्टही गोड आहे : राजा शिकारीला गेला, एका पिसोरी हरणाने लाथ मारून त्याचं कुत्रं पाण्यात पाडलं, राजा म्हणाला, जागा झकास आहे, मी कोणत्या झाडाला टेकून उभा आहे? मलाका, महाराज. गोष्ट रचलेली असेल, झाड खरं आहे. आजही त्या राज्याच्या चिन्हात मधे आवळा आणि दोन्ही बाजूंना पिसोरी. कुडाळ तालुक्यात आवळेगाव आहे, तसंच हे समुद्रापारचं आवळेगाव.

यावर माझा एक लाडका तर्क आहे. हा शब्द पोथीतून नव्हे, गाठोड्यातून गेला असावा. आवळकाठी, म्हणजे सुकवलेला आवळा, हलकी असते, महिनोन्‌महिने टिकते. गलबतावर न्यायला याहून सोयीचं औषध कोणतं? पुरावा मागू नका. चिनी भिक्षू यिजिंग ६७१ साली सुमात्रातल्या श्रीविजय राज्यात सहा महिने संस्कृत व्याकरण शिकत बसला होता, तेव्हा शब्द पोथीतूनही गेला असेल, असं एका मित्राचं म्हणणं. असेल. मला आवळकाठीच पटते.

अरबी-फारसी शब्द मलाकात गेलेच नाहीत, असं मात्र मी म्हणत नाही. गेले, पण धक्क्यावर गेले. तिथला 'शाहबंदर' म्हणजे शाही बंदर नव्हे (हेही भाषांतर वाचलंय!), तो अधिकारी, परदेशी व्यापाऱ्यांचा माल, वखारी, तंटे त्याच्याकडे. पिरेशच्या वेळी असे चार होते, त्यातला एक फक्त गुजरात्यांसाठी, एवढे ते मातबर. पश्चिमेकडून येणाऱ्या मालावर जकात शेकडा सहा. बंदरात ८४ भाषा ऐकू येतात, असं पिरेश लिहितो. १५११ मध्ये पोर्तुगीज सेनापती आल्बुकर्क गोव्याहून आरमार घेऊन गेला आणि त्याने मलाका जिंकलं, ते या जकातीवर आणि मसाल्यावर डोळा ठेवूनच.

मलाकाच्या सागरी कायद्यात जहाजावरचा राजा म्हणजे 'नाखोदा'. फारसी नाखुदा, म्हणजे आपल्या कोळीवाड्यातला नाखवा. तिथे तो राजा, इथे त्याच्याच नावाने आपण वल्ही मारतो. आणि 'बंदर' या शब्दाचं काय झालं? मलय भाषेत 'बंदर' आता शहराला म्हणतात. जहाजं लागतात त्या जागेला 'पलाबुहान'. ब्रुनेईच्या राजधानीचं नाव बघा : बंदर सेरी बेगावान. बंदर फारसी, सेरी म्हणजे श्री, बेगावान म्हणजे भगवान.