सुटतो, सोडतो की सोडवून घेतो?

चि. सई,

परवा रात्री तू दोन प्रश्न टाकलेस आणि उत्तर ऐकायच्या आत झोपलीस. एक : शाळा सुटते, गाठ सुटते, गणितही सुटतं, मराठीत सगळंच कसं काय सुटतं? दुसरा : वर्गात पाहिलेला तो समुद्रातला चपटकृमी वाळूला चिकटतो, तर सुटतो कसा? दोन्ही प्रश्न डोक्यात घोळवत बसलो, तर ते एकमेकांत अडकले. म्हणून हे पत्र.

आधी मराठी. आपल्याकडे तुटणे-तोडणे, फुटणे-फोडणे अशा जोड्या आहेत, तशीच सुटणे-सोडणे. गाठ आपोआप सैल झाली तर सुटली, तू मुद्दाम उकललीस तर सोडलीस. आणि कष्ट घेऊन मोकळं केलं की सोडवलं. (गणित सोडवणं आणि गणित सोडून देणं यांतला फरक तुला चांगलाच माहीत आहे.)

आता तुझा किडा. शास्त्रज्ञांनी ज्याचा सगळ्यात बारकाईने अभ्यास केलाय, त्याचं नाव मॅक्रोस्टोमम लिग्नानो. लांबी जेमतेम दीड मिलिमीटर, अंग काचेसारखं पारदर्शक. इटलीत एड्रियाटिक समुद्राच्या उत्तरेकडच्या किनाऱ्यावर, वाळूच्या कणांमधल्या फटींत राहतो. लाट आली की कण ढवळून निघतात, तेव्हा धरून ठेवायला काहीतरी हवंच. पण कालवासारखं एकदा चिकटलं की जन्माचं चिकटलं, असंही त्याला परवडत नाही. खाणं शोधत हिंडायचं असतं. म्हणून तो चिकटतो, सुटतो, पुन्हा चिकटतो, आणि हे एका सेकंदात अनेकदा करू शकतो. आपण 'जळवेसारखा चिकटलाय' म्हणतो, पण जळू तोंडाने आणि शेपटीकडच्या चकतीने चोखून धरते. हा खराखुरा गोंद लावतो, तोही पाण्याखाली!

त्याच्या शेपटीवर घोड्याच्या नालेच्या आकारात चिकटायचे सुमारे १३० बारीक अवयव असतात. एकेका अवयवात पेशी फक्त तीन. एक ग्रंथी गोंद बनवते, दुसरी सुटण्यासाठीचा स्राव. या दोघींची तोंडं तिसऱ्या पेशीतून बाहेर पडतात, आणि माझ्या मते खरी कमाल या तिसरीची आहे. तिला नांगरपेशी म्हणू. तिच्यावर केसांपेक्षाही कितीतरी बारीक, आतून ताठ अशी बोटं असतात आणि गोंद त्यांच्यावर पसरतो. २०१४ साली संशोधकांनी या पेशीला ताठपणा देणाऱ्या धाग्यांचं एक प्रथिन बनूच दिलं नाही, तर किडे चिकटेनासे झाले. म्हणजे नुसता गोंद असून भागत नाही, तो धरणारा हातही लागतो. दोन ग्रंथींच्या या जोडीचं वर्णन प्राणिशास्त्रज्ञ सेथ टायलर यांनी १९७६ मध्येच केलं होतं.

मला वाटायचं, दुसरा स्राव गोंद विरघळवत असेल. तसं नाही. किडा निघून गेला तरी त्याचा गोंद तिथेच चिकटलेला राहतो, ओल्या वाळूवर पाऊल उमटावं तसा. गोंदात मुख्य प्रथिनं दोन. एक वाळूला धरतं; दुसरं त्या पहिल्याला किड्याच्या त्वचेवरच्या साखरेच्या पातळ थराशी जोडतं. हे दुसरं प्रथिन विजेच्या धन प्रभाराचं, साखरेचा थर ऋण, म्हणून ते एकमेकांना ओढून धरतात. सुटायच्या वेळी किडा ऋण प्रभाराचं दुसरंच काहीतरी सोडतो, प्रथिन त्याला जाऊन बिलगतं आणि त्वचेचा हात सुटतो, असं २०१९ मध्ये हे कोडं उलगडणाऱ्या संशोधकांचं म्हणणं आहे. एखाद्याने आपला हात घट्ट धरलाय, त्याच्या हातात हळूच दुसऱ्याचा हात द्यायचा आणि आपण सटकायचं, तसंच हे.

मग क्रियापद कोणतं? 'सुटतो' म्हणावं तर ते आपोआप होत नाही. 'वाळूला सोडतो' म्हणावं तर वाळूला धरलेला गोंद जागचा हलतही नाही. किडा आपल्याच गोंदातून स्वतःला सोडवून घेतो. मला हेच पटतं.

शाळेचं राहिलं. शाळा तर जागेवरच असते, सुटता तुम्ही मुलं. तरी म्हणायचं 'शाळा सुटली'. त्या हिशेबाने 'किड्याचा गोंद सुटला' असंही चालेल की काय? उठलीस की सांग.

तुझा,
बाबा