संसदेचे अध्यक्षपद आणि पदवीचा प्रश्न

प्रश्न : मी साताऱ्यात राज्यशास्त्राच्या तिसऱ्या वर्षाला आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये सामोआ या पॅसिफिक महासागरातील बेटदेशाचे पंतप्रधान झालेले लाआउली श्मिट पूर्वी तेथील संसदेचे अध्यक्ष होते, असे वाचले. मलाही आमदार आणि पुढे विधानसभेची अध्यक्ष व्हायचे आहे. आधी स्पर्धा परीक्षा देऊन नोकरी मिळव, राजकारण नंतर कर, असे बाबा म्हणतात. मी कोणती पदवी घ्यावी?

उत्तर : आपण निवडलेले उदाहरण अभ्यासण्याजोगे आहे, मात्र पदवीच्या प्रश्नाचे उत्तर त्यात मिळणार नाही. सामोआत निवडणूक लढवण्यासाठी ‘मताई’, म्हणजे कुटुंबप्रमुखाची उपाधी, असावी लागते. ती थोरल्या मुलाकडे आपोआप जात नाही. ती कोणाला द्यायची हे विस्तारित कुटुंब एकत्र बसून ठरवते आणि त्यावरून वादही होतात. शिवाय परंपरेने ठरलेली गावाची सेवा उमेदवाराने बजावलेली असावी लागते आणि या अटीवरून न्यायालयाने उमेदवार अपात्र ठरवल्याची उदाहरणे आहेत. १९९० च्या जनमत कौलानंतर २१ वर्षे पूर्ण झालेल्या सर्वांना मताधिकार मिळाला, उमेदवारीसाठी मताई असण्याची अट मात्र कायम राहिली. ‘लाआउली’ हीसुद्धा अशी उपाधीच आहे.

आता त्यांचा पुढचा प्रवास पाहा. सवाइई बेटावरील मतदारसंघातून २००६ मध्ये निवडून आलेले श्मिट २०११ ते २०१६ अध्यक्ष होते. त्यानंतर ते कृषिमंत्री झाले, २०१८ मध्ये त्यांनी ते पद सोडले, आणि २०२० मध्ये जुन्या सत्ताधारी पक्षाशी फारकत झाल्यावर त्यांनी ‘फास्ट’ हा नवा पक्ष स्थापन केला. पक्षाचे नेतृत्व त्यांनी पुढे फियामे नाओमी माताआफा यांच्याकडे जाऊ दिले, हे मला त्यांच्या कारकिर्दीतील सर्वांत धोरणी पाऊल वाटते. पुन्हा कृषिमंत्री झालेल्या श्मिट यांना जानेवारी २०२५ मध्ये, तोवर पंतप्रधान झालेल्या त्याच फियामे यांनी मंत्रिमंडळातून काढले, आणि ऑगस्टमधील निवडणूक जिंकून ते पंतप्रधान झाले. ज्या क्षेत्रात पद केव्हा येईल आणि केव्हा जाईल हे आपल्या हाती नसते, तिथे उपजीविकेचे स्वतंत्र साधन आधी लागते. बाबांची काळजी म्हणूनच रास्त आहे.

त्यांचा उपाय मात्र मला पटत नाही. सरकारी सेवेत असताना निवडणूक लढवता येत नाही, त्यामुळे लोकांमध्ये ओळख निर्माण करण्याची वर्षे आधी परीक्षांच्या तयारीत आणि मग नोकरीत जातील. त्यापेक्षा राज्याची विधी प्रवेश परीक्षा देऊन तीन वर्षांचा एलएलबी अभ्यासक्रम करावा आणि वकिली सुरू करावी, असे मी सुचवेन. आमदारकीसाठी ही पदवी बंधनकारक नाही. पण अध्यक्षाचे काम नियमांचा अर्थ लावण्याचे असते आणि तो अर्थ किती दूर जाऊ शकतो हे सामोआनेच २०२१ मध्ये पाहिले. ५१ पैकी २६ जागांचे बहुमत फास्टकडे असताना मावळत्या अध्यक्षांनी संसदेचे दरवाजे बंद ठेवले, म्हणून २४ मे रोजी नव्या सदस्यांनी आवारात तंबू उभारून शपथ घेतली. तो शपथविधी अपील न्यायालयाने जुलैमध्ये वैध ठरवला.

सभागृहाचे कामकाज जवळून पाहायचे असेल, तर पदवीनंतर खासदारांसोबत काम करण्याची ‘लॅम्प’ फेलोशिप आहे. तिला वयोमर्यादा असल्याने ती लांबणीवर टाकू नये. ग्रामपंचायतीसाठी किमान वय २१ आणि विधानसभेसाठी २५ आहे. आपले गाव साताऱ्याजवळ असेल, तर येत्या ग्रामसभेला जा, इतिवृत्त आणि ताळेबंद मागून घ्या, आणि निधी कोणत्या ठरावाने खर्च झाला हे विचारा.