धातूतली क्वांटम आंदोलनं बघायला किती टेस्लाचा चुंबक लागतो?

आमच्या लॅबमध्येही सगळे आधी टेस्लाच विचारायचे आणि माझं डोकं फिरायचं. सॅम्पल कसं आहे, ते सांगा ना आधी!

चुंबकीय क्षेत्रात इलेक्ट्रॉन गोल फिरतात आणि त्यांच्या ऊर्जेच्या ठरावीक पायऱ्या होतात, त्या लँडाऊ पातळ्या. क्षेत्र वाढवलं की त्या सरकतात आणि धातूचं चुंबकत्व, रोध वर-खाली होतात, तीच ही आंदोलनं. पण एक फेरी पुरी व्हायच्या आत इलेक्ट्रॉन अशुद्धीवर आपटला, तर कसल्या पातळ्या अन् कसलं काय. 1930 मध्ये लायडनला द हास आणि व्हान आल्फेन यांना बिस्मथच्या चुंबकत्वात आंदोलनं दिसली, ती 14 केल्विनच्या आसपास आणि जेमतेम 2 टेस्लापर्यंतच्या क्षेत्रात. त्याच वर्षी रोधातलीही सापडली, पण त्यामागे शुबनिकोव्हने निगुतीने वाढवलेले शुद्ध स्फटिक होते.

माझे गाईड मात्र मोठ्या चुंबकाच्या प्रस्तावात गुंतलेले. मी बिस्मथचा स्फटिक द्रव नायट्रोजनमध्ये गार करून ब्लेडने फोडला. आरशासारखी चकचकीत बाजू निघाली, तिच्यावर सिल्व्हर पेस्टने चार तारा चिकटवल्या. रोधाच्या चढत्या रेषेवर बारीक लाटा आल्या. गाईड म्हणाले, "नॉइज आहे, स्मूद कर." मी स्मूद केलं नाही. चढ वजा करून तोच डेटा वन बाय बी वर, म्हणजे एक भागिले चुंबकीय क्षेत्र अशा अक्षावर काढला आणि शिखरं समान अंतरावर आली. नॉइज असा रांगेत उभा राहतो होय? ऑन्सागरने 1952 मध्ये दाखवलं तसं त्या अंतरावरून फर्मी पृष्ठाच्या (धातूतल्या इलेक्ट्रॉनांच्या भरलेल्या आणि रिकाम्या अवस्थांमधल्या सीमेच्या) छेदाचं क्षेत्रफळ सरळ निघतं. गाईडनी आलेख पाहिला आणि पुन्हा प्रस्तावाकडे वळले.

आता हे बिस्मथचं झालं, त्यातले इलेक्ट्रॉन फार हलके. तांब्याला एवढ्यावर भागत नाही. तिथे शोएनबर्गने 1959 मध्ये स्पंदित, म्हणजे क्षणभरच उसळणारं क्षेत्र वापरलं. शिवाय 10 टेस्लाजवळ तांब्याच्या मोठ्या कक्षेचं एक अख्खं आंदोलन 2 मिलिटेस्लाच्या आत उरकतं, म्हणजे मोजणारं यंत्र तितकं चपळ नसताना क्षेत्र भराभर वाढवलंत तर हाती काही लागणार नाही. आणि गार करायला द्रव हेलियम हवंच: मुक्त इलेक्ट्रॉनच्या लगतच्या दोन पातळ्यांमधलं अंतर 10 टेस्लालाही तेरा-एक केल्विनएवढंच असतं, त्याहून गरम असलं की पातळ्या एकमेकींत मिसळून जातात.

तरी चुंबकाचा प्रस्ताव लिहायच्या आधी सॅम्पलचा रोध खोलीच्या तापमानाला आणि 4.2 केल्विनला मोजा. साध्या धातूत तो दहापटही उतरत नसेल, तर नवा स्फटिक वाढवा. आणि गाईड काहीही म्हणोत, मूळ डेटा स्मूद करू नका.