५२व्या वर्षी सीएनसी शिकता येते का? सातपूरच्या टर्नरच्या मुलीला उत्तर

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: बाबा ५२ वर्षांचे, दहावी नापास, उमेदीची सगळी वर्षे नाशिकमधल्या सातपूरच्या एका कारखान्यात साध्या लेथवर (धातू फिरवून कापण्याच्या मशीनवर) टर्नर, म्हणजे ते मशीन चालवणारे कारागीर. कारखान्याने लेथ काढून सीएनसी, म्हणजे कॉम्प्युटरच्या कोडवर चालणाऱ्या मशीन, आणल्या आणि बाबांना व्हीआरएस (स्वेच्छानिवृत्ती) घ्यावी लागली. तुम्ही त्यांना कॉम्प्युटर क्लासला घातले, ते आठवड्यात परत आले आणि आता ‘माझं वय गेलं’ एवढेच म्हणतात. या वयात शिकणे होईल का, कोणता कोर्स लावावा, लॅपटॉप घ्यावा का, असे तुम्ही विचारले आहे. जाता जाता आईच्या पुढच्या शिक्षणाबद्दलही. सातपूर-अंबडच्या औद्योगिक वसाहतींत कामगारांच्या संध्याकाळच्या बॅचेस मी बरीच वर्षे घेत आलो आहे, त्यावरून सांगतो.

शिकणे होईल. फक्त कॉम्प्युटर क्लास हे त्याचे दार नव्हे. तिथे शेजारी विशीतली पोरे, समोर टायपिंग आणि पत्राचा नमुना. बाबांना आयुष्यभरात जे आले त्यातले काहीच तिथे उपयोगाचे नाही. ज्या माणसाला कालपर्यंत सुपरवायझर येऊन ‘काका, जरा हा जॉब बघा’ म्हणत होता, तो तिथे वर्गातला सगळ्यात मठ्ठ विद्यार्थी ठरतो. कोण थांबेल? वयाने पाठांतर मंदावते, हात-डोळ्याचा वेगही थोडा कमी होतो, हे खरे. पण जुन्या माहितीला जोडून आलेली नवी गोष्ट पन्नाशीतला माणूस छान धरतो. म्हणून शिकवणी त्यांच्या लेथपासून सुरू व्हायला हवी.

त्याआधी डोळे. हसू नका, माझ्या बॅचमधून गळालेल्यांतले कितीतरी जण केवळ दिसत नाही म्हणून गळाले, आणि तसे कबूल कोणी करत नाही. चाळिशीचा साधा चष्मा हातातल्या ड्रॉइंगसाठी ठीक असतो, पण मशीनचा पॅनल (बटणे आणि पडदा) त्याहून लांब असतो, तिथे अक्षरे पुसट होतात. चष्मेवाल्याला दोन्ही अंतरे सांगून नंबर काढून घ्या.

आता मुख्य मुद्दा. बाबांना सीएनसीमधले किती आधीच येते, ते त्यांना कोणी दाखवलेले नाही. दोन उदाहरणे देतो, घरी त्यांना विचारून बघा.

मोठ्या व्यासाच्या जॉबचे (घडवायच्या तुकड्याचे) फेसिंग, म्हणजे तोंड सपाट कापणे, करताना टूल (कापणारे हत्यार) मध्याकडे सरकते तसा फिनिश का बिघडतो? आरपीएम (मिनिटाचे फेरे) तेच राहतात, व्यास घटतो, म्हणून कापण्याचा वेग पडतो. हे बाबा झोपेतही सांगतील. सीएनसीवर जी९६ हा कोड दिला की मशीन व्यास कमी होईल तसे आरपीएम आपणच वाढवते. मग मध्याजवळ आरपीएम बेफाम होतील, चकमधला (पकडीतला) जॉब उडायची भीती, म्हणून फॅनुक कंपनीच्या कंट्रोलवर जी५० देऊन वरची मर्यादा बांधतात. विशीतला पोरगा हे दोन कोड एका संध्याकाळी पाठ करतो. जी५० विसरला तर काय होईल, हे मात्र बाबांना पोटातून कळेल, कारण त्यांनी चकमधून सुटलेला जॉब पाहिलेला असणार.

दुसरे, मापाचे. जॉब व्यासात ०.०५ मिलिमीटर जास्त आला तर त्रिज्येची डायल असलेल्या लेथवर टूल ०.०२५ आत घ्यायचे. सीएनसी टर्निंगमध्ये एक्सचे, म्हणजे टूल आत-बाहेर सरकते त्या दिशेचे, माप सहसा व्यासातच चालते, त्यामुळे वेअर ऑफसेटमध्ये (टूलच्या झिजेची दुरुस्ती भरायच्या रकान्यात) उणे ०.०५ भरायचे. जुन्या टर्नरचा हात इथे सवयीने आकडा अर्धा करतो आणि जॉब पुन्हा मोठाच येतो. शिकवणाऱ्याने हे पहिल्याच दिवशी सांगितले तर प्रश्न मिटतो. नाही सांगितले तर ‘यांना जमत नाही’ असा शिक्का बसतो.

खरोखर नवे काय, तर एक्स-झेडच्या (आडव्या आणि लांबीच्या दिशांच्या) खुणा, वर्क झिरो (जॉबवरचा शून्य बिंदू), टूल ऑफसेट (प्रत्येक टूलच्या मापाची नोंद), वीसेक कोड आणि पॅनलवरचे इंग्रजी शब्द. एडिट, एमडीआय, जॉग, फीड होल्ड, रिसेट असे शब्द एका डायरीत मराठीत लिहून, पुढे ‘दाबल्यावर काय होते’ हे बाबांच्याच शब्दांत. दहावी नापास माणसाला इंग्रजीचा धसका असतो, पण पॅनलचे इंग्रजी तेवढ्यात संपते.

म्हणून क्लास निवडताना विचारा: मशीनवर हात लावायला मिळेल का, की नुसता सिम्युलेटर (कॉम्प्युटरवरची नकली मशीन)? शिफ्ट बदलली तर तोच धडा दुसऱ्या वेळी मिळेल का? (बाबा सध्या घरी आहेत, पण उद्या अंबडमध्ये एखाद्या जॉबवर्कवाल्याकडे लागले तर आठवड्याला शिफ्ट फिरेल, आणि फिरत्या शिफ्टने जेवढे प्रौढ विद्यार्थी बुडवले तेवढे गणितानेही नसतील.) जोडीला आयटीआयचा एखादा ताजा पोरगा असेल तर फारच उत्तम. मी मुद्दाम तशा जोड्या लावायचो, पोरगा पॅनलवर, काका जॉबवर. पोराला मायक्रोमीटर (बारीक माप घेण्याचे साधन) नीट धरता येत नसतो आणि काकांना कर्सर सापडत नसतो, त्यामुळे कोणीच कोणाला हसत नाही. ‘शंभर टक्के नोकरीची हमी’ अशी पाटी असेल तर व्हीआरएसचे पैसे खिशातच राहू द्या.

कागदांचे. बाबांचा अनुभव आज कोणत्याच कागदावर नाही, हे दुखणे मोठे आहे. प्रधानमंत्री कौशल विकास योजनेत आरपीएल नावाचा भाग आहे. आधी कामातून आलेले कौशल्य तपासून त्याचा दाखला देतात, लांबलचक कोर्स करावा लागत नाही. तो आयटीआयच्या प्रमाणपत्राच्या तोडीचा नाही, पण कोऱ्या पाटीपेक्षा बरा. अनुभवी कामगाराला खासगी उमेदवार म्हणून अखिल भारतीय ट्रेड टेस्टला (आयटीआयच्या अंतिम परीक्षेला) बसण्याचीही वाट आहे. तिच्या अटी त्र्यंबक रोडवरच्या सरकारी आयटीआयमध्ये स्वतः जाऊन विचारा, एजंटाला नको. आयटीआयच्या प्रवेशालाही वरची वयोमर्यादा नाही, हे पुष्कळांना माहीत नसते.

उलट दोन ठिकाणी फुकट खेटे घालू नका. मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना ३५ वर्षांपर्यंतच आहे. आणि पीएम विश्वकर्मा २०२३ साली सुरू झाली तेव्हापासून प्रत्येक सायबर कॅफेवाला तिचा फॉर्म भरून देतो, पण ती १८ पारंपरिक व्यवसायांसाठी आहे. लोहार त्यात आहे, टर्नर नाही.

दहावी करायची का? आत्ता लगेच नको. आधी मशीनवर हात बसू दे, एक छोटे यश पदरी पडू दे. नंतर हवी असेल तर राज्य मंडळाची परीक्षा आहे, किंवा राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था, म्हणजे एनआयओएस. कामकरी माणसाला मी एनआयओएस सुचवतो, कारण एकदा नोंदणी केली की पाच वर्षांत सवडीने एकेक-दोनदोन विषय काढता येतात. तिथे गणित सक्तीचे नाही, आणि नेमका इथेच लोकांचा घोटाळा होतो. सोपे विषय घेऊन पास होतात आणि मग कळते की आयटीआयच्या टर्नर ट्रेडला दहावीचे गणित आणि विज्ञान लागते. बाबांनी ते दोन्ही घ्यावेत. टेपर (निमुळता आकार) काढणाऱ्याला त्रिकोणमिती नवी नसते, तिचे नाव तेवढे नवे असते.

आईची बारावी झालेली आहे म्हणता, तर त्यांच्यासाठी यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ आहेच. १९८९ पासूनचे, मुख्यालय आपल्याच गंगापूर धरणाच्या बाजूला. बी.ए.ला वयाची अडचण नाही. घराजवळचे अभ्यासकेंद्र निवडा, नाहीतर जाण्यायेण्यातच उत्साह संपतो.

पैशांबद्दल तुम्ही विचारले नाही, तरी लिहितो. बाबांची पीएफची नोकरी दहा वर्षांच्या वर आहे, म्हणजे पेन्शनचा हक्क पक्का आहे. ५०व्या वर्षानंतर ती लवकर सुरू करता येते, पण ५८च्या आधीच्या प्रत्येक वर्षामागे ४ टक्के कपात होते आणि ती कायमची. शिकायच्या दोन-तीन महिन्यांसाठी घर चालत असेल तर त्या रकमेला हात लावू नका.

आणि सीएनसी नकोच वाटली तर? साध्या लेथवरचे टर्नर अंबडच्या लहान वर्कशॉपना अजून लागतात, दुरुस्तीच्या आणि एकेक नगाच्या कामाला. चांगली नजर असलेल्या टर्नरला इन्स्पेक्शनमध्येही (तयार मालाच्या तपासणीत) काम मिळते. बाबांना आवडेल ते ठरवू द्या. मुलांनी ठरवलेला कोर्स वडील क्वचितच पुरा करतात.

लॅपटॉप नको. सिम्युलेटर लागलाच तर क्लासचा वापरता येतो. त्याऐवजी त्यांचे व्हर्नियर आणि मायक्रोमीटर कुठे आहेत ते विचारा. कारखान्याचे होते आणि तिथेच जमा करून आले असतील, तर चांगल्या कंपनीचा ०-२५ चा मायक्रोमीटर घेऊन द्या. नव्या ठिकाणी ट्रायलला जाताना स्वतःचे माप खिशात असलेला टर्नर वेगळाच दिसतो.