‘ट्रबलसम’ कोठे वापरावे आणि कोठे टाळावे

नाशिकच्या द्राक्षनिर्यातीचा इंग्रजी पत्रव्यवहार तुम्ही नुकताच हाती घेतला आहे, म्हणून ‘ट्रबलसम’ या विशेषणाविषयी थोडे सविस्तर लिहितो. ‘ट्रबल’ला ‘सम’ हा प्रत्यय लागून ते बनले आहे. ‘टायरसम’ आणि ‘बर्डनसम’ यांतही तोच प्रत्यय आहे. जी गोष्ट पुन्हा पुन्हा डोके वर काढते आणि पिच्छा सोडत नाही, तिला हे विशेषण शोभते, मग तो न थांबणारा खोकला असो, दुखरा गुडघा असो किंवा ढगाळ हवेत बागेवर परतून येणारी भुरी (द्राक्षवेलींवरचा बुरशीजन्य रोग) असो. भूकंपासारख्या आपत्तीपुढे मात्र ते फारच तोकडे पडते.

खरी गफलत होते ती ‘ट्रबल्ड’शी. त्रास देणारा तो ‘ट्रबलसम’ आणि स्वतः त्रासलेला तो ‘ट्रबल्ड’. त्यामुळे माल उशिरा पोहोचल्याने काळजीत पडलेल्या खरेदीदाराला चुकून ‘ट्रबलसम’ म्हटलेत, तर तो दुखावेल, आणि त्यात त्याचा दोष नसेल. ‘ट्रबलिंग’ याहून वेगळे: द्राक्षांत कीटकनाशकाचे अंश मर्यादेपेक्षा जास्त असल्याचा प्रयोगशाळेचा अहवाल चिंता वाटायला लावतो, म्हणून तो ‘ट्रबलिंग’.

कठीण प्रश्नपत्रिकेला साधे ‘डिफिकल्ट’ पुरते. ‘प्रॉब्लेमॅटिक’ला अलीकडे ‘आक्षेपार्ह’ अशी छटा आली आहे, तेव्हा ते माणसाविषयी लिहिताना, माझ्या मते, टाळलेलेच बरे. बैठकीची वेळ गैरसोयीची असेल, तर ‘इन्कन्व्हिनियंट’ लिहावे.