पांढरी चार की पांढरी तीन?

प्रश्न : मी हौशी तबलजी. मुलगा पाश्चात्त्य पद्धतीचं व्हायोलिन शिकतो. सध्या इटालियन संगीतकार विवाल्डीच्या ‘विंटर’चा पहिला भाग बसवतोय. नोटेशनवर एफ मायनर छापलंय, पण घरातल्या रेकॉर्डिंगबरोबर वाजवायला गेला की पोरगं बेसूर! मोबाइलमधल्या ॲपला ते रेकॉर्डिंग ऐकवलं, तर ते म्हणतं ई मायनर, वेग १६०, मूड ‘रागीट’. दुसरं ॲप वेग ८० सांगतं. रेकॉर्डिंगच बिघडलंय का? मुलगा म्हणतो ई मायनर सोपं जातं, मग त्यातच बसवू का? आणि आपल्याकडं याला कुठला राग म्हणायचा?
– एक वाचक, मंगळवार पेठ, कोल्हापूर

उत्तर : ई मायनरमध्ये बसवू नका. एवढं आधी सांगते, बाकीचं सावकाश.

तबलजीच्या घरात पेटी असणारच. रेकॉर्डिंग लावा आणि पांढरी चार (म्हणजे एफ) धरून बघा, मग पांढरी तीन (म्हणजे ई). तीनवर जुळेल. मंद चाललेल्या टेपमुळंही सूर उतरतो, पण अर्धा स्वर उतरायला वेग सुमारे सहा टक्के घटावा लागतो, आणि बिघाड असा मापात सहसा होत नाही. माझा अंदाज वेगळा आहे. आज पांढरी सहाचा ए सेकंदाला ४४० कंपनांना मिळवायचा असं जगभर ठरलंय. ‘विंटर’ ज्यातलं आहे ते ‘फोर सीझन्स’ १७२५ साली ॲमस्टरडॅमला छापलं गेलं तेव्हा असलं काही ठरलेलं नव्हतं, गावोगावची पट्टी निराळी होती. त्या काळच्या धाटणीची वाद्यं आणि आतड्याच्या तारा वापरून हे संगीत वाजवणारे आजचे वादक बहुधा ए ४१५ ला धरतात. म्हणजे अर्धा स्वर खाली. कव्हरवर ‘बरोक’ किंवा ‘पीरिअड इन्स्ट्रुमेंट्स’ असं काही छापलंय का बघा.

म्हणजे ॲपनं कंपनं बरोबर मोजली. पण वाजवणाऱ्याची बोटं एफ मायनरचीच आहेत, ते त्याला कुठून दिसणार? आणि व्हायोलिनमध्ये सगळं तिथंच आहे. मोकळ्या तारा चार : जी, डी, ए, ई. एफ मायनरमध्ये बी, ई, ए आणि डी हे चार स्वर कोमल होतात. त्यामुळं डी आणि ए या तारा मोकळ्या वाजवता येत नाहीत, ई फक्त एफवर चढताना नि म्हणून येतो, हक्काची राहते ती एकटी जी. जवळजवळ प्रत्येक स्वर बोटाखाली दाबलेला, बाजूची तार गुंजून साथ देत नाही. आवाज मिटलेला, कोरडा, गारठलेला येतो. हिवाळ्यासाठी विवाल्डीनं ही जागा उगाच नाही निवडली. ई मायनरमध्ये चारही मोकळ्या तारा स्वरातल्या. हात सुटतो, वाद्य आपसूक गुंजायला लागतं. मुलाला सोपं जातंय ते यामुळंच, आणि थंडी पळते तीही यामुळंच! बेथोव्हन, ब्राम्स, चायकोव्हस्की या तिघांचेही व्हायोलिन कॉन्चेर्तो डी मेजरमध्ये आहेत, कारण तिथंही चारही तारा साथीला असतात. आपण हिंदुस्थानी वादक तारा सा आणि पला मिळवतो. पट्टी काळी एक असो की पांढरी दोन, मोकळ्या तारा आपल्याच. कोल्हापूरच्या देवल क्लबात गाणं ऐकून कान तयार झालेल्या माणसाला हा प्रश्न पडतच नाही, म्हणून इतकं लांबण लावलं.

वेगाचं तुम्हाला मी काय सांगावं! ८० आणि १६० हा एकपट-दुपटीचा घोळ आहे. सुरुवातीला खालच्या वाद्यांपासून वरपर्यंत एकेक जण येऊन तोच ठोका देत राहतो. एका मात्रेला दोन ठोके. एका ॲपनं मात्रा मोजल्या, दुसऱ्यानं ठोके. ८० धरा. विवाल्डीनं आकडा दिलेला नाही, तो देणार तरी कसा? माएल्झेलनं मेट्रोनोमचं, म्हणजे लयीचे ठोके देणाऱ्या यंत्राचं, पेटंट घेतलं १८१५ मध्ये, विवाल्डी गेला १७४१ ला. त्यानं शब्द लिहिले : अलेग्रो नॉन मोल्तो, चपळ पण फार नाही. हल्लीची पोरं ‘नॉन मोल्तो’ वाचायला तयार नसतात.

मूड ‘रागीट’ वाचून मात्र हसू आलं. आवाज मोठा, गती जास्त, मायनर स्वर, की लावली रागाची चिठ्ठी! या रचनांबरोबर सुनीतंही छापलेली आहेत, त्यामुळं अंदाजाची गरजच नाही. बर्फात कुडकुडणं, मग बोचरा वारा (एकलवादक सुटतो ती जागा), मग ऊब येण्यासाठी पाय आपटत धावणं, शेवटी दातावर दात वाजणं. साडेतीन मिनिटांत हे एवढं सगळं, त्याला एक शब्द कुठला लावणार? दुसरा भाग, लार्गो, मुलाला आवर्जून ऐकवा. ई फ्लॅट मेजर. आत शेकोटीपाशी निवांत बसलेली माणसं, बाहेर पाऊस, आणि तो पाऊस इतर व्हायोलिनं बोटानं तारा छेडून वाजवतात. बर्फाचं सोडा, पण जुलैतला पाऊस आपल्याला कुणी शिकवायला नको.

राग शोधू नका. स्वर बघितले तर आसावरी थाटाचे, शुद्ध नि आला की किरवाणीसारखे. पण इथं षड्जच मधे दुसरीकडं सरकतो, आणि षड्ज हलला की आपल्या हिशेबानं राग संपला.

रेकॉर्डिंगबरोबरच वाजवायचं असेल तर दोन वाटा. ट्यूनर ४१५ ला लावून चारही तारा थोड्या थोड्या उतरवायच्या आणि बोटं नोटेशनप्रमाणे एफ मायनरचीच ठेवायची. नाहीतर कॉम्प्युटरवर रेकॉर्डिंगचा सूर अर्ध्या स्वरानं चढवायचा, वेग न बदलता. लहान मुलाला मी दुसरी वाट सांगेन. रोज तारा चढवल्या-उतरवल्या तर त्या सुरात टिकत नाहीत, आणि घोडी वाकते ती वेगळीच.