वाचकांचे प्रश्न : उतारावरची गोळी, चंद्राचे पडणे आणि विहिरीवरचा पंप

प्रश्न : नववीच्या मुलांकडून गॅलिलिओचा उताराचा प्रयोग करून घेतला. ॲल्युमिनियमच्या चॅनलमधून स्टीलची गोळी सोडली आणि वेळेवरून ‘जी’ (गुरुत्वाचा प्रवेग) काढला, तर ९.८ ऐवजी ६ आला. तीनदा करूनही तेच. काय चुकले? आणि सेकंदकाटा नव्हता तेव्हा गॅलिलिओने वेळ मोजली कशी? – एक शिक्षिका, गडहिंग्लज

काही चुकले नाही. तुमच्या मांडणीत ६ च यायला हवा होता, आणि मुलांनी तो ‘दुरुस्त’ करून ९.८ लिहिला नाही याबद्दल त्यांना शाबासकी द्या.

पाठ्यपुस्तकातले सूत्र घसरणाऱ्या वस्तूचे आहे. गोळी घसरत नाही, गडगडते. खाली येताना मिळालेल्या ऊर्जेतला काही वाटा स्वतःभोवती फिरण्यात जातो. भरीव गोळी सपाट फळीवरून गडगडली तर प्रवेग घसरण्याच्या ५/७ पट, म्हणजे ०.७१४ पट राहतो. चॅनलमध्ये तो आणखी घटतो. २५ मिमी व्यासाची गोळी १५ मिमी रुंद खाचेच्या दोन कडांवर टेकून चालत असेल, तर ती प्रत्यक्षात १२.५ नव्हे, १० मिमी त्रिज्येवर फिरते. तेवढेच अंतर तोडायला तिला जास्त गिरक्या घ्याव्या लागतात. हिशेब केला की पट येते ०.६१५. तिने ९.८ ला गुणा : ६.०३.

गॅलिलिओला हे फिरण्याचे गणित माहीत नव्हते, तरी त्याचा नियम बरोबर निघाला. कारण तो ‘जी’ शोधतच नव्हता. त्याला हवे होते प्रमाण : वेळ दुप्पट तर अंतर चौपट का? फिरण्यात जाणारा वाटा वरपासून खालपर्यंत तोच राहतो, म्हणून प्रमाणाला धक्का लागत नाही. ‘जी’ मात्र त्याला कधीच नीट मिळाला नाही. १६३२ च्या संवादग्रंथात तो १०० हात उंचीवरून लोखंडी गोळा ५ सेकंदांत पडतो असे लिहून जातो. तिथला हात सुमारे ५८ सेंमीचा. ५८ मीटर पडायला खरे तर साडेतीन सेकंदही लागत नाहीत.

वेळ त्याने पाण्यावर मोजली. १६३८ च्या पुस्तकात त्याने साहित्यही दिले आहे : १२ हात लांब लाकडी तुळई, बोटभर रुंद खाच, आतून गुळगुळीत चर्मपत्र आणि पितळेच्या जातीच्या धातूची गोळी. वर पाण्याचे मोठे भांडे, त्याच्या बुडाला बारीक नळी. गोळी सुटली की धार पेल्यात धरायची, पोचली की काढायची, आणि पेल्यातले पाणी तोलायचे. वजनांचे प्रमाण तेच वेळांचे प्रमाण. हे सगळे डोक्यात रचलेले असावे, अशी टर अलेक्झांड्र कोयरे या नामवंत इतिहासकाराने १९५३ मध्ये उडवली. १९६१ मध्ये थॉमस सेटल यांनी तशीच मांडणी करून दाखवली आणि नियम सेकंदाच्या दशांशापर्यंत सहज जुळला.

शाळेत करायचे तर असे करा. ३.६ मीटरचा चॅनल घ्या आणि एक टोक १५ सेंमी उचला. दर दोन फुटांवर विटेचा टेकू हवाच. मध्ये झोळ पडला की वरच्या भागाचा उतार वाढतो, खालचा कमी होतो, आणि मग प्रमाणही बिघडते. २० लिटरच्या बादलीच्या बुडाशी ४ मिमी आतल्या व्यासाची आखूड नळी बसवा. पाणी एक फूटभर असेल तर सेकंदाला साधारण २० ग्रॅम पडते. पूर्ण लांबीला सुमारे ५.३ सेकंद, म्हणजे शंभर ग्रॅमच्या वर थोडे. वरून पाव लांबीला, म्हणजे ९० सेंमीला, त्याच्या निम्मे. गुजरीतल्या सराफाकडचा काटा मिळाला तर छानच, पण किराणा दुकानातला १ ग्रॅमचा काटाही पुरतो : १ ग्रॅम म्हणजे सेकंदाचा विसावा भाग.

गोळी बोटाने सोडू नका, नकळत ढकलली जाते. पुढे पट्टी आडवी धरा आणि ती झटकन वर उचला. खाली लाकडी ठोकळा ठेवा, म्हणजे ‘टक्’ ऐकून धार बंद करता येते. सोडणारा आणि धार धरणारा मुलगा एकच असावा. दोघे असले की एकाचा उशीर दुसऱ्याच्या उशिराला खात नाही. दर चार-पाच खेपांनंतर बादली खुणेपर्यंत भरा. पातळी तीन सेंमी उतरली की धार पाचेक टक्के मंदावते, आणि हा दोष वहीत दिसत नाही, म्हणून तो जास्त वाईट.

याहून गोड रीत गॅलिलिओच्या वहीत सापडली. फ्लॉरेन्समधल्या त्याच्या हस्तलिखितांतल्या १०७ क्रमांकाच्या पानावर एक रकाना आहे : ३३, १३०, २९८, ५२६, ८२४, ११९२, १६२०, २१०४. एकक मिलिमीटरहून जरासे लहान. ३३ ला १, ४, ९, १६ असे ६४ पर्यंत गुणून बघा, किती जवळ बसतात. इतिहासकार स्टिलमन ड्रेक यांनी १९७० च्या दशकात याचा अर्थ लावला तो असा : खाचेवर आतड्याच्या तारा आडव्या बांधायच्या, गोळी तारेवरून गेली की टिक् वाजते, आणि सगळे टिक् गाण्याच्या लयीत पडेपर्यंत तारा सरकवायच्या. गॅलिलिओचे वडील ल्यूट हे तंतुवाद्य वाजवणारे होते. कान तयार होता.

आठ खुणा, आठ मात्रा. आपल्याकडे केहरवा आहेच. सव्वादोन मीटरच्या चॅनलचे टोक दहा सेंमी उचला, मोबाइलवर तबल्याचा ठेका मिनिटाला १२० मात्रांनी लावा, शिवणाचे दोरे आडवे बांधा आणि ३, १३, ३०, ५३, ८३, ११९, १६२, २११ सेंमीपासून सुरुवात करून कानाने जुळवा. अर्ध्या-एक टक्क्याची चूकही कानाला खटकते. आधी अंतरे सांगू नका. दोरे मुलांनाच सरकवू द्या आणि मग टेप लावायला सांगा.

प्रश्न : पिसाच्या मनोऱ्यावरून गोळे टाकले होते का? – एक वाचक, इचलकरंजी

गॅलिलिओने स्वतः कुठे तसे लिहिलेले नाही. ती हकिकत त्याचा शिष्य व्हिव्हियानी याने त्याच्या मृत्यूनंतर लिहिलेल्या चरित्रात आहे. छापील आणि तपशीलवार पुरावा आहे तो नेदरलँड्समधल्या सिमॉन स्टेव्हिन या गणितज्ञाचा, १५८६ चा : एक गोळा दुसऱ्याच्या दहापट जड, दोन्ही शिशाचे, ३० फुटांवरून खाली फळीवर. दोन आवाज एकच वाटले. फळी महत्त्वाची, कारण इथेही निकाल कानानेच दिला.

तिसऱ्या मजल्यावरून क्रिकेटचा चेंडू आणि टेनिसचा चेंडू एकदम सोडलात तर टेनिसचा साधारण हातभर मागे राहील. हवेचा विरोध दोन्हींवर जवळपास सारखा, पण टेनिसचा चेंडू वजनाला क्रिकेटच्या चेंडूच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास. वस्तू वजनाच्या प्रमाणात वेगाने पडते या ॲरिस्टॉटलच्या हिशेबाने तो अर्ध्या वाटेवरही नसता.

प्रश्न : भास्कराचार्यांनी न्यूटनच्या ५०० वर्षे आधी गुरुत्वाकर्षण सांगितले होते. मग शोध न्यूटनच्या नावावर का? – एक विद्यार्थी, राजारामपुरी, कोल्हापूर

थोडा दोष आपल्या ‘शोध’ या शब्दाचा आहे. हरवलेल्या म्हशीचा शोध घेतात, अमेरिकेचा शोध लागतो, वाफेच्या इंजिनाचा शोध लावतात. धुंडाळणे, सापडणे आणि घडवणे, तिन्हींना एकच शब्द. म्हणून ‘कोणी लावला’ विचारण्याआधी ‘कशाचा’ हे ठरवावे लागते.

भास्कराचार्यांनी ११५० च्या सिद्धान्तशिरोमणीत, गोलाध्यायात, पृथ्वीला आकर्षणशक्ती आहे आणि जड वस्तू तिच्याकडे ओढली जाते म्हणून ती पडताना दिसते, असे स्वच्छ म्हटले आहे. त्याला जोडून त्यांचा प्रश्न तर फारच चांगला आहे : सगळीकडे सारखेच आकाश, मग पृथ्वी स्वतः पडेल कुठे? हा विचार मोठा आहे, तो कमी लेखायचे कारण नाही. पण ती ओढ अंतराप्रमाणे किती घटते, आणि चंद्रालाही तीच धरून ठेवते का, हे प्रश्न तिथे नाहीत. ‘व्यस्त वर्गाने घटते’ (अंतर दुप्पट तर ओढ चौथाई) हेही एकट्या न्यूटनचे नाही. रॉबर्ट हूक या इंग्लिश शास्त्रज्ञाने १६८० च्या जानेवारीत त्याला पत्रातून तसे कळवले होते.

न्यूटनचे म्हणून जे आहे, ते १६८७ च्या त्याच्या ‘प्रिन्सिपिया’ या ग्रंथातला एक हिशेब घेऊन दाखवतो. चंद्र पृथ्वीच्या केंद्रापासून सुमारे ६० त्रिज्यांवर. ओढ अंतराच्या वर्गाने घटत असेल, तर तिथे ती ३६०० पट कमी हवी. म्हणजे इथे दगड एका सेकंदात जेवढा पडतो, तेवढा चंद्र एका मिनिटात पडला पाहिजे. कॅलक्युलेटर घ्या : कक्षेची त्रिज्या ३,८४,००० किमी, फेरी २७.३ दिवसांची, वेग सेकंदाला १.०२ किमी. वेगाचा वर्ग भागिले त्रिज्या : ०.००२७२. आता ९.८ ला ३६०० ने भागा. तेच.

हा ताळा करायला एका सेकंदातले पडणे नेमके माहीत हवे. गॅलिलिओच्या आकड्याने तो निम्म्याने चुकला असता. तो आकडा डच शास्त्रज्ञ हायगेन्सने लंबकावरून काढला आणि १६७३ मध्ये छापला : १५ पॅरिस फूट १ इंच, म्हणजे ४.९ मीटर. लंबक गडगडत नाही. न्यूटनने हायगेन्सचे नाव घेऊनच हा आकडा वापरला आहे.

प्रश्न : विहिरीत पाणी २५ फुटांखाली गेले की मोनोब्लॉक पाणी सोडतो. ५ ऐवजी साडेसात एचपीचा बसवला तर जास्तच सोडतो. पुस्तकात तर ३४ फूट लिहिले आहे. – एक फिटर, उद्यमनगर, कोल्हापूर

३४ फूट समुद्रकाठचे, थंड पाण्याचे आणि घर्षण नसलेल्या पाइपाचे. पंप पाणी ओढत नाही. तो आत पोकळी करतो आणि बाहेरची हवा पाण्याला वर ढकलते. मोटार कितीही मोठी असो, हवेचे वजन तेवढेच.

कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साधारण साडेपाचशे मीटरवर. इथे दाब सुमारे ९५० हेक्टोपास्कल, म्हणजे पाण्याचा ९.७ मीटर स्तंभ. ३० अंशांच्या पाण्याची वाफ त्यातले ४३ सेंमी खाते. उरले ९.३ मीटर, साडेतीस फूट. त्यातून फूट व्हॉल्व्ह (सक्शन पाइपाच्या तळाची झडप), एल्बो आणि पाइपाचे घर्षण एक-दीड मीटर, आणि इंपेलरच्या (पंपातल्या फिरत्या चाकाच्या) तोंडाशी पंपाला लागणारा शिल्लक दाब दोन-तीन मीटर वजा करा. हातात १६ ते २० फूट राहतात. तुमचा २५ फुटांपर्यंत चालत होता म्हणजे पाइपलाइन चांगली होती.

मोठा पंप जास्त पाणी मागतो, आणि त्याच पाइपात घर्षण पाण्याच्या वर्गाच्या आसपास वाढते. म्हणून तो आधी सोडतो. केसिंगमधून खडी फिरल्यासारखा आवाज आला तर पाणी आतच उकळून बुडबुडे फुटत आहेत असे समजा. थोड्या दिवसांत इंपेलरला वाळवीने खाल्ल्यासारखे खड्डे दिसतील. उपाय दोनच : पंप विहिरीत खालच्या टप्प्यावर उतरवा, आणि सक्शन पाइप डिलिव्हरीपेक्षा एक माप मोठा घ्या. रात्रभर बंद ठेवून सकाळी प्रायमिंग (पंपात भरून ठेवलेले पाणी) उतरलेले दिसले तर आधी फूट व्हॉल्व्ह आणि ग्लँड बघा, पंपाला दोष देऊ नका.

हाच अडथळा १६३० च्या सुमारास इटलीत विद्वानांपुढे होता. गॅलिलिओने पाण्याचा स्तंभ स्वतःच्या वजनाने दोरासारखा तुटतो असे मानले. १६३० मध्येच जेनोवाच्या बालियानी या विद्वानाने त्याला पत्रातून सुचवले होते की हे हवेचे वजन असावे. गॅलिलिओने हवा तोललीही होती, तिला वजन आहे हे त्याला पक्के ठाऊक होते, तरी ते पंपाशी जोडले नाही. जोडले त्याचा शिष्य टॉरिचेल्ली याने, १६४४ च्या पत्रात. पाणी १०.३ मीटर, पारा १३.६ पट जड, म्हणून ७६ सेंमी. पण खरी करामत आकड्यात नव्हती. त्याने पाऱ्याने भरून पाऱ्याच्या भांड्यात उलट्या धरलेल्या दोन काचेच्या नळ्या घेतल्या, एकीच्या डोक्यावर मोठा फुगा, दुसरी साधी. पोकळी पाऱ्याला ओढत असती, तर मोठी पोकळी जास्त ओढती. दोन्हींत पारा एकाच पातळीवर थांबला.

१९ सप्टेंबर १६४८ ला फ्रेंच शास्त्रज्ञ पास्कालचा मेहुणा, पेरिये, अशीच नळी घेऊन प्युई द दोम डोंगर चढला. हजारेक मीटरमध्ये पारा साडेआठ सेंमी उतरला. एक नळी त्याने खाली मठात ठेवली होती आणि एका साधूला दिवसभर तिच्यावर लक्ष ठेवायला सांगितले होते.

पारा हाताळू नका, त्याची वाफ विषारी असते. पुष्कळ मोबाइलमध्ये दाबमापक असतो. तो घेऊन पन्हाळ्याला जा. आपल्या उंचीवर १ हेक्टोपास्कल उतरला की साधारण सव्वानऊ मीटर चढलात. मात्र दुसरा मोबाइल घरी ठेवून दर अर्ध्या तासाला त्याचा आकडा कोणाला तरी लिहायला लावा. आपल्याकडे सकाळी दहाच्या सुमारास दाब चढा असतो आणि दुपारी चारला तीन-चार हेक्टोपास्कलने उतरतो. घरचा आकडा नसेल तर नाश्ता करून निघालेला माणूस संध्याकाळी पन्हाळा पस्तीस मीटरने उंच मोजून येईल.